मूळ प्रत कोठे असते?

समजा, शाळेची निकालपत्रके ठेवण्यासाठी आपण संगणकावर एक फोल्डर केले आणि ते 'क्लाउड'शी जोडले. इथे केलेला बदल इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून आपल्या दुसऱ्या संगणकावरही उतरतो. जोडणी करताना ठरवावे लागते की हे फोल्डर ठेवायचे कोठे: संगणकाच्या आतल्या डिस्कवर, की बाहेरून लावलेल्या? प्रश्न साधा वाटतो. पण त्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो समजला, तर उत्तर आपोआप सापडते.

1980 च्या दशकात अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएम कंपनीच्या साहाय्याने 'अँड्र्यू' हा प्रकल्प हाती घेतला. आवारातील कोणत्याही संगणकापुढे बसले तरी आपल्या फाईली समोर याव्यात, ही कल्पना होती. फाईली मध्यवर्ती सर्व्हरवर असत. एखादी उघडली की ती अख्खी समोरच्या संगणकाच्या डिस्कवर उतरे. काम त्या प्रतीवर चाले आणि फाईल बंद करताच बदललेली प्रत सर्व्हरकडे परत जाई. पहिल्या आवृत्तीत संगणक दर वेळी सर्व्हरला विचारी, "माझी प्रत ताजी आहे ना?" या विचारपुशीचाच सर्व्हरवर फार भार पडू लागला. मग उलटी व्यवस्था केली: फाईल बदलली, तर सर्व्हरनेच आपणहून कळवायचे.

इथे मूळ प्रत कोणती, याबद्दल शंका नव्हती. ती सर्व्हरवर होती. जवळची ती केवळ नक्कल. पण सर्व्हरशी संपर्कच तुटला तर? मद्रासच्या आयआयटीत शिकलेले एम. सत्यनारायणन यांनी त्याच विद्यापीठात 1987 पासून 'कोडा' या प्रणालीवर काम सुरू केले. लागणाऱ्या फाईली आधीच जवळ साठवायच्या, संपर्क नसतानाही काम करायचे आणि जोडणी आली की सर्व्हरशी मेळ घालायचा. यातून नवाच प्रश्न उभा राहिला. दोघांनी एकच फाईल दोन ठिकाणी बदलली, तर खरी कोणती? काही तंट्यांत यंत्राला तोड काढता येते, पण बाकीचे माणसालाच सोडवावे लागतात. हे आजही खरे आहे.

घरगुती संगणकावर ही सोय प्रथम साध्या रूपात आली. विंडोज 95 मध्ये 'ब्रीफकेस' होती. फाईली तिच्यात घालून फ्लॉपीवरून न्यायच्या आणि परत आल्यावर दोन्ही प्रती जुळवायच्या. मात्र जुळवण्याची आठवण माणसाने ठेवायची. 1996 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' प्रसिद्ध केले. फाईलचे तुकडे पाडून जेवढे बदलले तेवढेच पाठवायचे, अशी त्याची युक्ती. 2008 मध्ये ड्रॉपबॉक्स सर्वांसाठी खुले झाले आणि आठवण ठेवण्याचे कामही संपले. फोल्डरवर प्रोग्रॅम सतत नजर ठेवू लागला.

हीच नजर कधी फसते, ते पाहू. प्रोग्रॅमजवळ फोल्डरमधील फाईलींची यादी असते. यादीतील फाईल डिस्कवर दिसली नाही, तर तो समजतो की आपण ती पुसली. आणि मग तो ती सर्व्हरवरूनही पुसतो. आता फोल्डर बाहेरच्या डिस्कवर आहे आणि काम चालू असताना तिची वायर निघाली, तर? सगळ्याच फाईली एकदम दिसेनाशा होतात. डिस्क निघाल्याचे प्रोग्रॅमला सहसा कळते आणि तो थांबतो. पण ते कळण्याआधीच पुसणे सुरू होण्याचा थोडा तरी धोका असतो, असा इशारा ड्रॉपबॉक्सने स्वतःच दिला होता.

दुसरे कारण डिस्कच्या आखणीचे. 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हने विंडोजवर 'एनटीएफएस' आखणीच्याच डिस्कचा आग्रह धरला. त्याच वर्षी, नाव संगणकावर दिसते पण मजकूर सर्व्हरवरच राहतो, अशी सोयही त्यात आली. अशा पोकळ फाईलीची खूण ठेवण्याची व्यवस्था एनटीएफएसमध्ये आहे. पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट-32 किंवा एक्सफॅट आखणीत ती नाही.

तेव्हा जोडलेले फोल्डर संगणकाच्या आतल्या, कायम जागेवर राहणाऱ्या आणि पुरेशी मोकळी जागा असलेल्या डिस्कवर ठेवावे. ते पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या सेवेच्या जोडलेल्या फोल्डरच्या पोटात ठेवू नये.

आणखी एक गोष्ट मुलांनाही सांगण्याजोगी आहे. जोडलेल्या फोल्डरमध्ये सगळ्या प्रती सारख्याच असतात, आणि म्हणूनच चूकही सगळीकडे सारखीच पोहोचते. एका संगणकावर निकालपत्रक पुसले, की ते सगळीकडून पुसले जाते. पुसलेले परत मिळवण्याची मुदत खासगी खात्यांत साधारण 30 दिवसांची असते. वार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीत ती सहज उलटून जाते. म्हणून बाहेरची डिस्क टाकून देऊ नका. महिन्यातून एकदा तिच्यावर निकालपत्रकांची वेगळी प्रत काढा, वायर काढा आणि ती कपाटात ठेवा. जी प्रत कशालाच जोडलेली नाही, तीच अशा वेळी उपयोगी पडते.