सायकलचे दुकान आणि मासिकाचा वाचक

मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना ‘किर्लोस्कर खबर’ (१९२०), ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) यांच्यापाशी आम्ही बराच वेळ थांबतो. शंकरराव किर्लोस्करांचे संपादन, त्यातला सुधारणावाद, मध्यमवर्गीय वाचकाची घडण, हे सारे येते. या मासिकांमागे नांगरांचा कारखाना होता, हे एका वाक्यात उरकते. कारखान्याच्याही आधी सायकलचे दुकान होते, हे मात्र जळगाव-धुळ्याच्या आमच्या वर्गांत बहुधा राहूनच जाते. ते का राहू नये, हे सांगण्यासाठी थोडे अमेरिकेत जाऊन यावे लागेल.

बॉस्टनचा व्यापारी अल्बर्ट पोप याने १८७८ साली हार्टफर्ड येथील वीड या शिवणयंत्रांच्या कारखान्याकडून पन्नास सायकली करवून घेतल्या. ‘कोलंबिया’ हे त्यांचे नाव. पुढचे चाक भलेमोठे, मागचे इवलेसे. घाट सगळा इंग्रजी. अमेरिकेचे स्वतःचे होते ते घडवण्याचे तंत्र. बंदुका आणि शिवणयंत्रे करताना तिथल्या कारागिरांनी एकाच मापाचे, एकमेकांच्या जागी बसतील असे सुटे भाग करण्याची रीत बसवली होती. तीच आता सायकलीला लागली. १८९० च्या दशकात शिकागोच्या वेस्टर्न व्हील वर्क्सने पोलादी पत्रा साच्यात दाबून भाग काढले. १८९८ च्या सुमारास पायडल उलटे दाबून मागचे चाक थांबवणारा ब्रेक बाजारात आला. १९३३ मध्ये श्विनने जाडजूड टायरची सायकल काढली. पण तोवर मोठी माणसे मोटारीत जाऊन बसली होती आणि सायकल पोरांची झाली होती. म्हणून कारखानदारांनी सांगाड्यावर मोटारसायकलीसारखी टाकी बसवली, पेट्रोल नसलेली!

आपल्या खानदेशात यातले फारसे काही आले नाही. आली ती इंग्रजी वळणाची, काळी, अठ्ठावीस इंची, सळईच्या ब्रेकची सायकल. आडवी नळी इतकी उंच, की पोरे नळीखालून पाय घालून शिकली, आणि लुगडे नेसलेल्या बाईला मागे कॅरिअरवर बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. नळी खाली झुकवलेली बायकांची सायकल अमेरिकेत १८८० च्या दशकाअखेरीसच निघालेली होती. यंत्राचा घाट ठरतो तेव्हा त्यावर कोण बसणार हेही ठरून जाते. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आमचा मुद्दा पोपच्या दुसऱ्या एका उद्योगाविषयी आहे. कोणी कधी न पाहिलेले यंत्र विकायचे तर गिऱ्हाईक आधी शिकवून तयार करावे लागते. पोपने सायकल शिकवण्याचे वर्ग काढले, आणि १८८२ मध्ये ‘व्हीलमन’ नावाचे मासिकही काढले. त्याचा संपादक एस. एस. मॅक्लुअर त्याआधी पोपच्याच बॉस्टनच्या आखाड्यात नवशिक्यांना सायकल शिकवीत होता. स्वतः तो तिथेच, त्याच दिवसांत शिकलेला. याच मॅक्लुअरने १८९३ मध्ये ‘मॅक्लुअर्स मॅगझिन’ सुरू केले. इडा टार्बेल यांची स्टँडर्ड ऑइलवरील लेखमाला त्यातली, आणि विला कॅथर यांनीही काही वर्षे त्याच्या संपादकवर्गात काम केले.

आता बेळगावकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना, १८८८ साली, थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा व्यापार सुरू झाला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामुअण्णांनी विकायच्या. किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये निराळे, असे सांगतात. हे पंधरा रुपये आम्हांला हजारांहून महत्त्वाचे वाटतात. पुढे लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली, कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर विकायचा तर आधी ती समजूत काढणे भाग होते. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि दहा वर्षांनी तिथून ‘खबर’ निघाली, ती प्रथम कारखान्याचेच वार्तापत्र म्हणून.

मॅक्लुअर आणि किर्लोस्कर यांचा एकमेकांशी काही संबंध होता असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. पण समजावून सांगणारा, थोडासा शिक्षकी आणि सदैव उत्साही असा जो सूर ‘किर्लोस्कर’च्या पानांत ऐकू येतो, त्याचे मूळ आपण केवळ आगरकरी परंपरेत शोधतो. तो दुकानदाराचाही सूर आहे. नवे यंत्र समोर उभे करून घाबरलेल्या गिऱ्हाइकाला धीर देणाऱ्याचा. हे मान्य केल्याने मासिकाचे मोल उणावते, असे काही अध्यापकांना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही.

जुने अंक एकत्र बांधताना जाहिरातींची पाने काढून टाकण्याची खोड अनेक ग्रंथालयांना होती. ज्या विद्यार्थ्यांना सुटे, न बांधलेले अंक हाती लागतील, त्यांनी आधी तीच पाने वाचावीत.