वर्गणी, पावती आणि अहवाल

पनवेलच्या तळ्यांच्या आणि बाजारपेठेच्या आसपास ज्ञातीची बहुतेक घरे होती, तोवर विद्यार्थी-साहाय्य निधीची वर्गणी जमविणे हे चार संध्याकाळींचे काम होते. वर्गणीस येणारा गृहस्थ ओसरीवर बसून, गेल्या वर्षीच्या पैशांतून कोणाची फी भरली तेही सांगत असे. आज घरे नवीन पनवेल, खारघर, पुणे आणि थेट परदेशापर्यंत पांगली आहेत. मागणीचे पत्रक मोबाइलवरून क्षणात पोहोचते. ओसरीवरची हकीकत मात्र त्याबरोबर जात नाही. दात्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराची घडी नव्याने बसविण्याचे मंडळाने योजिले आहे. तेव्हा आपल्याकडे पूर्वी निधी कसे जमले, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाचे मागणे वर्षाकाठी माणशी एक पैसा एवढेच होते. त्या काळी रुपयाचे पैसे 64. म्हणजे एका रुपयासाठी चौसष्ट जणांपुढे हात पसरावयाचा! हिशेबी माणूस यास वेडेपणाच म्हणेल. परंतु त्या रुपयाबरोबर स्वदेशी उद्योगाची वार्ता चौसष्ट जणांच्या कानी जात होती, हा लाभ कीर्दखतावणीत दिसत नाही. 1908 साली तळेगाव दाभाडे येथे फंडाचा काचकारखाना निघाला आणि आपल्या पैशाचे काय झाले, हे देणाऱ्यास डोळ्यांनी पाहता येऊ लागले. त्याच वर्षी पणजीस मुष्टिफंड संस्था निघाली. तिचे मागणे मूठभर तांदळाचे, म्हणजे थेट स्वयंपाकघरातले.

महर्षी कर्व्यांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण त्यांचे कार्य लोकांस रुचणारे नव्हते. 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावानेच त्यांस वाळीत टाकले. अशा माणसाने 1896 मध्ये पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. त्यासाठी प्रथम स्वतःच्या शिल्लकेतील 1000 रुपये दिले आणि मगच लोकांकडे गेले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावे आणि सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडावे, असा त्यांचा क्रम होता. आश्रमाचा अहवाल व जमाखर्च ते लोकांपुढे ठेवीत. मत न पटलेल्या माणसासही त्यांच्या हिशेबाविषयी शंका घेण्यास जागा राहत नसे. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठास 15 लक्षांची देणगी दिली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव दिले गेले, हे सर्वश्रुत आहे. त्याआधी चोवीस वर्षे किरकोळ वर्गण्या मागण्याचे आणि त्यांचा हिशेब देण्याचे काम अव्याहत चालू होते, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. मोठा दाता शोधा म्हणजे काम झाले, असे म्हणणाऱ्या आमच्या काही बंधूंनी हा अनुक्रम ध्यानी घ्यावा.

आपल्या पनवेलीतील महात्मा फुले महाविद्यालय 1970 सालचे. ते ज्या रयत शिक्षण संस्थेचे आहे, तिची स्थापना कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले. असे दान कोणत्याही पत्रकाने मागता येत नाही.

आता प्रत्येक वर्गणीदारास वर्षातून दोन पत्रे जातील. किती विद्यार्थ्यांस साहाय्य दिले, कोणत्या शिक्षणासाठी दिले, किती अर्ज पैशाअभावी परत गेले आणि शिल्लक काय, एवढे त्यांत असेल. विद्यार्थ्याचे नाव त्याच्या संमतीवाचून छापले जाणार नाही. रक्कम शंभराची असो वा लाखाची, पत्राचा मजकूर एकच राहील. वृद्ध वर्गणीदारांच्या घरी मात्र पूर्वीप्रमाणे माणूसच जाईल. पहिले पत्र दिवाळीपूर्वी निघेल, आणि त्यात कसलीही मागणी नसेल.