लस टोचण्याचा अधिकार : देवी डॉक्टर ते आरोग्यसेविका
(डहाणू-तलासरी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

लसीकरणाचा इतिहास बहुधा लसींचा व त्यांच्या संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लस प्रत्यक्ष कोणाच्या हाताने टोचली गेली, त्या हाताला तो अधिकार कोणी दिला आणि काही विपरीत घडल्यास उत्तरदायी कोण, हे प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतात. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर लेखी व्यवस्थेत शोधले गेले. तेथे डॉक्टरांशी केलेल्या करारानुसार किंवा त्यांच्या स्थायी आदेशानुसार औषधनिर्माते व परिचारिका लस टोचतात. औषधनिर्मात्यांना त्यासाठी पद्धतशीर प्रशिक्षण देण्यास १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात प्रारंभ झाला आणि २००९ पर्यंत सर्व पन्नास राज्यांनी त्यांना ही मुभा दिली. आपल्याकडे डॉक्टरेतरांनी लस टोचण्याची परंपरा याहून फार जुनी आहे. परंतु तिचा कायदेशीर पाया काळाच्या ओघात धूसर होत गेला. हा प्रवास डहाणू-तलासरी या आदिवासीबहुल पट्ट्याच्या संदर्भात तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

परवान्याची व्यवस्था

भारतातील पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. त्यानंतर हे काम मूठभर युरोपीय डॉक्टरांच्या आवाक्यात राहणे शक्यच नव्हते. प्रशिक्षित एतद्देशीय लसटोचक नेमण्यात आले आणि पुढे त्यांचे काम आरोग्य आयुक्तांच्या देखरेखीखाली आले. मराठी समाजाने या फिरत्या कर्मचाऱ्याला ‘देवी डॉक्टर’ म्हटले. तो पदवीने डॉक्टर नव्हता, परंतु लोकांच्या लेखी तीच त्याची ओळख ठरली.

मुंबई शहरासाठी १८७७ चा, नगरपालिका व छावण्यांसाठी १८८० चा आणि मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ चा असे लसीकरणाचे कायदे झाले. पैकी १८८० च्या कायद्यातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. खाजगी लसटोचकास लेखी परवाना देण्याचा, तो स्थगित वा रद्द करण्याचा अधिकार त्या कायद्याने लसीकरण अधीक्षकाकडे सोपविला होता. कायद्यातील सक्तीचा भाग जाचक होता, याविषयी दुमत नाही. तथापि टोचणाऱ्याचा अधिकार लेखी, व्यक्तिनिष्ठ व काढून घेता येण्याजोगा असावा, हे तत्त्व त्यात स्पष्ट होते.

देवीचा कोप आणि सरकारी टोचणी

उत्तर कोकणात देवी हा केवळ रोग नव्हता. ती देवता होती, तिला शांत करावयाचे असे. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात देवीला शांत करण्याच्या विधीतून एक लाट उठली आणि ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून ती दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात पोहोचली. डेव्हिड हार्डिमन यांनी या ‘देवी चळवळी’चा सविस्तर अभ्यास केला आहे. अंगात आलेल्या देवीच्या मुखातून दारू व ताडी सोडण्याचे आदेश निघाले आणि दारूविक्रेत्यांवर बहिष्कार पडला. रोगाच्या देवतेभोवती उभी राहिलेली ही शक्ती सरकारी यंत्रणेच्या पूर्णतः बाहेरची होती. ज्या मुलखात वेठबिगारी होती आणि जेथे १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला, तेथे सरकारी माणसाच्या हातातील सुईकडे निःशंकपणे पाहिले जाणे कठीण होते. तेथे टोचणाऱ्याचा अधिकार कागदावरून जितका येत असे, तितकाच तो लोकांच्या विश्वासावरून ठरत असे.

मुल्कोवालचा धडा

उत्तरदायित्वाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो प्लेगच्या लसीच्या संदर्भात. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेल्या लसीच्या एकाच बाटलीतून १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी टोचून घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही बाब चौकशीत नोंदली गेली असूनही तिला पुरेसे महत्त्व मिळाले नाही. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. लस बनविणारा, ती टोचण्यावर देखरेख करणारा आणि प्रत्यक्ष टोचणारा यांच्या जबाबदाऱ्यांची सीमा आधी आखलेली नसेल, तर दोषारोप सोयीनुसार होतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

लसटोचकाचे विलीनीकरण

१९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि १९७५ मध्ये देशातील अखेरचे रुग्ण आढळले. दरम्यान १९७३ च्या कर्तारसिंग समितीने लसटोचक, हिवताप कर्मचारी आदी वेगवेगळी पदे एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी ही संकल्पना मांडली. लसटोचक हे स्वतंत्र पद त्यात विरून गेले. १९७८ चा विस्तारित आणि १९८५ चा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम प्रत्यक्षात आला तो मुख्यत्वे उपकेंद्रावरील आरोग्यसेविकेच्या हातून. आदिवासी व डोंगराळ भागात दर ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. म्हणजे एका आरोग्यसेविकेच्या वाट्याला विखुरलेले अनेक पाडे येतात.

कायद्याचे मौन

आरोग्यसेविकेच्या अधिकाराचा उगम शोधू गेल्यास कायदा बव्हंशी मौन बाळगतो. १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्याने अनोंदणीकृत व्यक्तीस वैद्यकव्यवसायाची मनाई केली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ती कायम ठेवली. १९४८ चा औषधव्यवसाय कायदा प्रामुख्याने औषधनिर्मात्यांचे शिक्षण, नोंदणी व औषध देणे यांविषयी बोलतो. १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा प्रशिक्षणाच्या एकसमान दर्जाविषयी. लस कोणी टोचावी, याची यादी यांपैकी एकाही कायद्यात नाही. ती मिळते शासकीय मार्गदर्शक सूचनांत. कोविड लसीकरणासाठी डिसेंबर २०२० मध्ये निघालेल्या केंद्रीय सूचनांत लस टोचणाऱ्यांमध्ये डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेविका यांच्यासह औषधनिर्मात्याचाही उल्लेख होता. जो बदल अमेरिकेत राज्याराज्यांतील कायद्यांतून पंधरा वर्षांत घडला, तो येथे एका सूचनेने झाला. त्यात तत्परता होती. मात्र ती मुभा एका मोहिमेपुरती होती.

तलासरीचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दहांपैकी सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे आहेत. १९६० मध्ये उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत गेली आणि हा मुलूख राज्याच्या सीमेवर आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो नव्या पालघर जिल्ह्याचा भाग झाला. अशा ठिकाणी ‘डॉक्टरांच्या उपस्थितीतच लस’ हा नियम केल्यास काय होईल, याचा अंदाज तामिळनाडूवरून बांधता येतो. एप्रिल २००८ मध्ये तिरुवळ्ळूर जिल्ह्यात गोवराच्या लसीनंतर चार बालकांचा मृत्यू झाल्यावर त्या राज्याने गावोगावची सत्रे थांबवून लसीकरण डॉक्टर असलेल्या आरोग्य केंद्रांत आणले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत तेथील पूर्ण लसीकरणाचे प्रमाण ८०.९ टक्के होते. चौथ्या फेरीत ते ६९.७ टक्क्यांवर आले. या घटीचे एकमेव कारण तो निर्णय होता असे म्हणता येणार नाही. तथापि अंतर वाढले की लाभार्थी गळतात, हे नाकारताही येत नाही. पाड्यावरून आरोग्य केंद्रापर्यंत जाण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागत असेल, तर सुरक्षिततेसाठी केलेला नियमच बालकाला लसीपासून दूर नेतो.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. पाड्यावर एकटीने सत्र घेणाऱ्या आरोग्यसेविकेसमोर एखाद्या बालकास तीव्र प्रतिक्रिया आली, तर पहिला रोष तिच्यावरच येतो. अलीकडील सूचनांनी तिला अशा प्रसंगी अ‍ॅड्रेनलिनची एक मात्रा देण्याची मुभा दिली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु मुभेसोबत संरक्षणाची लेखी हमी येणेही आवश्यक आहे.

समारोप

दोन शतकांच्या या इतिहासातून असे दिसते की, ग्रामीण भारतात लस टोचणारा हात प्रायः डॉक्टरेतराचाच राहिला आहे. त्याला डॉक्टरांच्या उपस्थितीशी बांधणे अव्यवहार्य ठरते आणि केवळ परिपत्रकाच्या भरवशावर सोडणे अन्यायकारक ठरते. प्रत्येक उपकेंद्रासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीचा एक मराठी स्थायी आदेश असावा. कोणती लस कोण टोचील, कोणत्या बालकास ती देऊ नये, प्रतिक्रिया आल्यास काय करावे, कोणास कळवावे आणि उत्तरदायित्व कोणाचे, हे त्यात नोंदलेले असावे. औषधनिर्मात्यांना हा अधिकार पुढे कायम द्यावयाचा झाल्यास तोही याच चौकटीत द्यावा. १८८० च्या कायद्यातील सक्ती टाकून देण्यास योग्यच होती; अधिकार लेखी असावा हे त्यातील तत्त्व मात्र तिच्यासोबत टाकून देण्याचे कारण नव्हते.