बोर्डिंगची ज्वारी

हॉस्टेल हा शब्द आमच्याकडं फार मागून आला. आमच्या वेळी बोर्डिंग. पोरगं कुठं आहे? बोर्डिंगात. एवढं म्हटलं की ऐकणारा समजून जाई, घरी चार एकर कोरडवाहू असंल अन् बापाला पोरगं शिकवायचं असंल.

अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. आमच्यासारख्या आडखेड्यात शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर अमडापूर, नाही तर चिखली. पावसाळ्यात नाला आला की रस्ता बंद. मग पोट्टे राहणार कुठं?

हा प्रश्न आमच्या आधीच्या लोकांनाही पडला होता. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मागून इतर जातींचीही निघाली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 ला सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली, आणि पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचं सोनं गेलं. आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. 1932 ची शिवाजी शिक्षण संस्था त्याच्या नंतरची. म्हणजे आधी पोराच्या भाकरीची सोय, मग बाकीचं. मला तरी हाच क्रम बरोबर वाटतो. त्या छात्रालयासाठी मुष्टिफंड होता. घरोघरच्या बायांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढायचं, ते गोळा करून पोरांना घालायचं.

आमच्या वेळी मूठ राहिली नव्हती, माप आलं होतं. महिन्याला पंधरा किलो ज्वारी, दोन किलो तुरीची डाळ, वर थोडे रोख. एका खोलीत दहा-बारा पोरं, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप. आत मायनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. कुलूप चटणीसाठीच असायचं, पुस्तकं कोण चोरतो!

1972 ला मी आठवीत गेलो अन् दुष्काळ पडला. घरी दाणा नाही. रेशनवर परदेशातली लाल मिलो मिळे, तीच बापानं डोक्यावर आणली. बोर्डिंगवाले म्हणाले, "मिलो चालत नाही, ज्वारीच पाहिजे." त्या बोर्डिंगचं नाव मी लिहीत नाही. ज्याची ज्वारी आली नाही त्याचं ताट मांडत नसत. दोन दिवस मी दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं, तिसऱ्या दिवशी पेटी उचलून घरी आलो.

माय काही बोलली नाही. मोठी बहीण बोलली, "तू जाय परत. मी खडी फोडायले जातो."

तिला आम्ही बाईच म्हणतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, चौथीत पहिली आलेली. पुढं पोरींसाठी बोर्डिंग नव्हतं, म्हणून तिची शाळा तिथंच थांबली होती. दुष्काळी कामावर ती बापासोबत गेली. तिच्या हप्त्यातून ज्वारी विकत घेतली. माय मोजायची, बाई पोत्याचं तोंड धरायची.

अकरावीची मॅट्रिक मोडून दहावीची पहिली परीक्षा 1975 ला झाली, त्यात मी पास झालो. पुढं शिकलो नाही, शेतीच केली. बाईनं त्यावर कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

आता बाईची नात चिखलीला हॉस्टेलात आहे. मेसमध्ये जेवण मिळतं, पैसे भरले की झालं. तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरगी निघाली की बाई थैलीत ज्वारी भरते. पोरगी म्हणते, "आजी, तिथं नाही घेत ज्वारी." बाई मापलेली ज्वारी परत कोठीत ओतत नाही. थैली दाराशी तशीच राहते.