तबकडीचे मोल

नवी व्हिनाईलची तबकडी घ्यावयाची, तर आज आमच्या मानपाड्यातील रसिकास बहुधा दोन हजारांहून अधिक रुपये मोजावे लागतात. कारण छपाई थोडी आणि बराच माल परदेशचा. हे दुखणे जुनेच आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जानचे गाणे मुद्रित झाले, पण तबकडी छापून आली जर्मनीतील हॅनोव्हरहून. लाख हिंदुस्थानची, कारागिरी परक्याची! १९०८ पासून कलकत्त्यासच तबकड्या होऊ लागल्या आणि पुढे बालगंधर्वांचा सूर मध्यमवर्गाच्या माजघरात पोहोचला. १९८० नंतर कॅसेट आली, तेव्हा तोच ठेवा आम्ही भंगारात घातला. नवी तबकडी परवडत नसेल तर नसो. माळ्यावरची जुनी विकण्यापूर्वी एकदा ऐकावी. त्या तीन मिनिटांची दुसरी प्रत कदाचित कोठेच नसेल.