झिजलेल्या तबकड्या



इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतो, बखर येते, मोडी कागदांचे रुमाल येतात. आज मी जे साधन घेऊन आपल्यापुढे उभा आहे ते पाहून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. सात इंच व्यासाची, मधोमध रुपयाहून मोठे भोक असलेली, चरे पडलेली एक गाण्याची तबकडी, हे ते साधन. अमेरिकेतील कुठल्याशा नाचघराच्या किंवा खाणावळीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या यंत्रात ती शेकडो वेळा फिरली आणि गाणे जुने झाल्यावर काढून टाकण्यात आली. अशी तबकडी जपून ठेवावी काय, आणि ठेवावयाची तर कशी, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

आधी नाचघराकडे जाऊ. आयोवा हे अमेरिकेच्या पोटातले, मक्याच्या शेतांचे राज्य. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. तेथे क्लिअर लेक नावाच्या लहानशा गावी तळ्याच्या काठाशी १९३३ साली 'सर्फ बॉलरूम' नावाचे नाचघर उघडले. सर्फ म्हणजे किनाऱ्यावर फुटणारी लाट. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशा शेतकऱ्यांच्या मुलामुलींना चार घटका समुद्रकाठी नाचल्याचा भास व्हावा, म्हणून भिंतींवर माड रंगविलेले आणि छतावर उजेडाचे ढग सरकत ठेविलेले! १९४७ साली ही इमारत जळाली. पुढच्याच वर्षी रस्त्याच्या पलीकडे ती नव्याने उभी राहिली, आणि आज जी पाहावयास मिळते ती हीच दुसरी इमारत.

२ फेब्रुवारी १९५९, सोमवार. त्या रात्री या नाचघरात 'रॉक अँड रोल' गाणाऱ्या तरुण मंडळींचा कार्यक्रम होता. कडाक्याच्या थंडीत ही मंडळी एका बसमधून गावोगाव हिंडत होती. बसमधील उष्णतेचे यंत्र बिघडलेले. ढोल वाजविणाऱ्या एकाचे पाय थंडीने बधिर होऊन त्याला इस्पितळात ठेवावे लागले होते. क्लिअर लेकचे नाव मूळच्या वेळापत्रकात नव्हतेच, एक रिकामा दिवस भरून काढावयाचा म्हणून ते घेतले गेले. कार्यक्रम आटोपल्यावर बडी हॉली या २२ वर्षांच्या गायकाने पुढच्या मुक्कामासाठी एक लहानसे विमान भाड्याने घेतले. त्याच्याबरोबर 'बिग बॉपर' या नावाने गाणारा २८ वर्षांचा जे. पी. रिचर्डसन आणि अवघा १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स हे चढले. व्हॅलेन्सला ती जागा नाणेफेकीत मिळाली होती. मध्यरात्रीनंतर उडालेले विमान काही मैलांवरच्या शेतात कोसळले, आणि २१ वर्षांच्या वैमानिकासह चौघेही गेले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्याजोगी एक बाब सांगतो. हॉलीचा जाड काळ्या काड्यांचा चष्मा हीच त्याची ओळख होती. बर्फ वितळल्यावर तो चष्मा त्या शेतात सापडला, एका लखोट्यात घालून सरकारी दप्तरी ठेवला गेला, आणि पुढे वीस वर्षे कोणाला त्याची आठवणही राहिली नाही. १९८० साली जुने कागद चाळताना तो लखोटा पुन्हा हाती लागला. मला तर हे आपल्याकडील रुमालांसारखेच वाटते. जपणूक पुष्कळदा अशीच होते. कोणी ठरवून जपत नाही. टाकावयाचे राहून जाते, इतकेच.

नाचघराचे मात्र तसे झाले नाही. ते लोकांनी ठरवून राखले. १९७९ पासून दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास तेथे त्या रात्रीच्या स्मरणार्थ उत्सव भरतो. २०११ साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीत त्याचे नाव गेले, आणि २०२१ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आणि हे संग्रहालय करून कुलूप लावलेले घर नव्हे. तेथे आजही गाणी होतात, त्या लाकडी जमिनीवर आजही माणसे नाचतात. नाचघर टिकले ते नाचण्यामुळे. तबकडीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि आजचा सारा पेच तेथेच आहे.

बडी हॉली त्या गावी एकदाच आला. पण त्याचे गाणे तेथे रोज ऐकू येत असे, ते कशाने? काही रेडिओने, आणि पुष्कळसे ज्यूकबॉक्सने. जेथे वाजंत्र्यांचा ताफा परवडत नसे त्या लहानशा नाचघरात, आइस्क्रीमच्या दुकानात, रस्त्याकडेच्या खाणावळीत हे यंत्र उभे असे. पाच सेंटांचे, पुढे दहा सेंटांचे नाणे टाकावयाचे, कळ दाबावयाची, की आतला लोखंडी हात हवी ती तबकडी उचलून वाजवीत असे. कल्पना जुनी आहे. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात नाणे टाकून ऐकावयाचा फोनोग्राफ प्रथम बसविला गेला. त्याला कर्णा नव्हता. कानाला नळ्या लावून ऐकावे लागे. विजेच्या साह्याने आवाज मोठा करण्याची युक्ती १९२७ च्या सुमारास साधली, तेव्हा कुठे या यंत्रावर नाचता येऊ लागले.

हे यंत्र बहुधा खाणावळवाल्याच्या मालकीचे नसे. यंत्रे भाड्याने लावणारा एक वेगळाच व्यापारी असे. तो ठरल्या दिवशी येई, गल्ला मोजी, मालकाशी वाटणी करी आणि तबकड्या बदली. कोणते गाणे किती वेळा वाजले याचे मापकच पुष्कळ यंत्रांत बसविलेले होते. जे वाजले नाही ते बाहेर. जे अति वाजून घोगरे झाले तेही बाहेर. अशा तबकड्या ढिगाने स्वस्तात विकल्या जात. आज संग्राहकांच्या हाती ज्या जुन्या तबकड्या लागतात त्यांतील कितीतरी याच वाटेने आलेल्या आहेत. मौज अशी की संग्राहकाला हवी असते कोरी, न वाजलेली प्रत, आणि ज्यूकबॉक्सची झिजलेली प्रत तो नाक मुरडून बाजूला सारतो. इतिहासकाराने मात्र ती झिजलेलीच उचलावी. कोरी तबकडी एवढेच सांगते की हे गाणे छापले होते. झिजलेली सांगते की हे गाणे लोकांनी पदरचे पैसे मोजून पुन्हापुन्हा मागितले. यंत्रावर गाण्याचे नाव छापलेली कागदाची पट्टी असे, ती शिल्लक असेल तर फारच उत्तम. एखाद्या गावच्या यंत्रातील सगळ्या तबकड्या पट्ट्यांसह एकत्र सापडल्या, तर त्या गावची एका वर्षाची आवडनिवड आपल्यापुढे उघडी होते. त्यांतील एकेक मोहरा वेचून विकला की हा पुरावा नाहीसा झाला. हिऱ्यांसाठी हार मोडावा तसेच हे.

हा पुरावा एवढ्यासाठी हवा की गतकाळाचा लोभ माणसाला सहज फसवितो. रॉक युगाचे चित्र काढावयास सांगा. चितारी हटकून वुर्लिट्झर कंपनीचे कमानदार, रंगीत नळ्यांत बुडबुडे खेळविणारे यंत्र काढील. ते यंत्र १९४६ चे, म्हणजे रॉक अँड रोलच्या कितीतरी आधीचे. त्यात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, ठिसूळ, अवघ्या २४ तबकड्या मावत. रॉकचा खरा साथीदार दुसराच होता. सीबर्ग कंपनीने १९४८ साली तबकडी उभी धरून तिच्या दोन्ही बाजू वाजविणारे यंत्र काढले. ५० तबकड्या, १०० गाणी. पुढच्या वर्षी मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान, हलकी तबकडी निघाली आणि १९५० मध्ये ती त्या यंत्रात बसली. १९५५ पर्यंत एका यंत्रात २०० गाणी झाली. आकड्यांत मी उगीच शिरलो नाही. जागा २४ असतील तर दुकानदार खात्रीची, सर्वांना चालणारी गाणीच ठेवतो. जागा शंभर झाल्या की एका कोपऱ्यात डोंगराळ मुलखातील गावरान गाणे बसते, दुसऱ्यात निग्रो लोकांचे 'ब्लूज' बसते.

आणि हे शेवटचे फार महत्त्वाचे. ज्या काळ्या गायकांना पुष्कळ रेडिओ केंद्रे दाराशी उभे करीत नव्हती, ते या यंत्रातून ऐकू येत. 'ज्यूक' हा शब्दच मुळी दक्षिणेतील काळ्या वस्तीतल्या गुत्तावजा नाचघरांवरून आला. व्यापारी पत्रे त्यांच्या तबकड्यांना 'वंशाच्या तबकड्या' म्हणत. १९४९ साली 'बिलबोर्ड' पत्राने ते नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केले. दक्षिणेतील कित्येक सभागृहांत त्या काळी गोरे आणि काळे श्रोते यांच्यामध्ये दोर बांधीत. आज ज्या युगाचे निरागस, गुलाबी चित्र रंगविले जाते, त्या युगात हा दोर होता. चित्रात तो दिसत नाही. यंत्राच्या कळपाटीवर मात्र दोन्हीकडची नावे शेजारी शेजारी असू शकत, कारण नाण्याला रंग नसतो.

आता पदार्थाकडे वळू. येथे आपला संबंध येतो. ७८ फेऱ्यांची तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेची. आपल्या बायकांच्या बांगड्यांना जी लाख लागते तीच. ती मुख्यतः छोटा नागपूर आणि मिर्झापूरकडून परदेशी जाई. १९४२ साली युद्धामुळे लाख मिळेनाशी झाली, तेव्हा अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी तिच्या वापरावर कडक बंधन घातले. नव्या मालासाठी लोकांकडून जुन्या तबकड्या परत मागवून त्या दळल्या गेल्या. त्या पिठात काय काय गेले असेल! ४५ फेऱ्यांच्या तबकडीला लाख लागत नाही, पण तिचेही दुखणे वेगळे आहे. काही कंपन्यांनी ती व्हिनाइलऐवजी स्वस्त पॉलिस्टायरिनची काढली. ही दिसावयास सारखीच, पण जड सुईखाली लवकर झिजते आणि खरखरू लागते.

'झिजली तर झिजली, मूळ ध्वनिफीत कंपनीच्या तिजोरीत असेलच की!' असे आपण म्हणाल. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात मोठी आग लागली. तीत संगीताच्या मूळ ध्वनिफितींचे एक भांडार सापडले. जगाला त्याचे गांभीर्य कळले ते २०१९ साली, एका न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने ते छापले तेव्हा. चक बेरी आणि बडी हॉली यांच्याही मूळ फिती गेल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. नुकसान इतके मोठे नव्हते, असे कंपनीचे म्हणणे. वाद काही असो, तिजोरीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही एवढे कळून चुकले. एक मूळ प्रत एका आगीत जाते. दहा हजार झिजलेल्या प्रती दहा हजार घरांत विखुरलेल्या असतात.

मग त्या जपाव्या कशा? वाजविली की झिजते. न वाजविली तर ती मुकी. जाणकार मंडळींनी यावर काही तोडगे काढले आहेत. तबकडी उभी, थंड व कोरड्या जागी ठेवावी. लाखेच्या तबकडीला मद्यार्क कदापि लावू नये. लाख त्यात विरघळते. वाजवावयाची वेळ आलीच, तर एकदाच, चांगल्या यंत्रावर, आणि निराळ्या मापाची सुई लावून. ती घळीच्या न झिजलेल्या भागावरून धावते व झाकलेला आवाज वर येतो. कॅलिफोर्नियातील बर्कली प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तर सुईच काढून टाकली. घळीची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन त्यांवरून गणकयंत्र आवाज काढते, आणि मोडकी तबकडीही बोलते. अडचण उरते ती कायद्याची. २०१८ च्या अमेरिकी कायद्यान्वये १९५७ नंतरच्या त्या काळच्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क २०६७ पर्यंत चालू राहणार. तोवर तबकडी तोंड मिटून पडणार नाही कशावरून?

आपल्या मुंबईतही इराण्यांच्या काही हॉटेलांत ज्यूकबॉक्स होते, आणि चहाच्या पेल्याबरोबर नाणे टाकणारी पिढी होती. गोव्यातून आलेल्या वादकांचे ताफे मुंबईत वाजवीत. हळदोण्याचा चिक चॉकलेट त्यांतला एक, आणि तो सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात असे. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका' हे गाणे देणारे रामचंद्र चितळकर हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. तिकडे बडी हॉली गाजत होता तेच वर्ष! शिवाय अमेरिकेत लाखेची तबकडी संपली तरी आपल्याकडे ती निघतच राहिली. पुढे बीटल्सची गाणीसुद्धा हिंदुस्थानात ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघाली, आणि त्यांसाठी आज परदेशी संग्राहक धडपडतात. त्या आपल्या किती माळ्यांवरून रद्दीत गेल्या असतील?

एक गोष्ट सांगून थांबतो. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली, आणि प्रत्येकावर पृथ्वीवरील आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसविली. तीत चक बेरीचे १९५८ मधले, ज्यूकबॉक्समधून वाजलेले रॉक अँड रोल आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ही भैरवी निवडली गेली तेव्हा ती तबकडी बाजारात मिळेना. शोधाशोध करता करता न्यूयॉर्कमधील एका हिंदी माणसाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर-१ उडाले ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. त्या यानावर तबकडीबरोबर वाजविण्याची सुईही पाठविली आहे, आणि ती कशी लावावी याच्या आकृत्या वेष्टनावर कोरल्या आहेत.