खिमा-पाव : दोन आदत्त शब्दांचा इतिहास

'खिमा-पाव' हा मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतील सर्वपरिचित पदार्थ होय. त्याच्या नावातील दोन्ही शब्द आदत्त आहेत; एक खुष्कीच्या मार्गाने आला, दुसरा समुद्रमार्गे.

'खिमा' हा मूळ तुर्की शब्द. बारीक चिरणे या अर्थाच्या धातूपासून 'कियमा' हे नाम झाले. फारसीत 'कैमे', हिंदी-उर्दूत 'कीमा' आणि मराठीत महाप्राण होऊन 'खिमा' अशी त्याची रूपे आढळतात. हाच शब्द ऑटोमन सत्तेबरोबर पश्चिमेकडेही गेला. बल्गेरियावर ती सत्ता चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १८७८ पर्यंत होती. तेथील स्लाव्ह भाषेत आजही 'कायमा' म्हणजे खिमाच. विशेष असे की, या दोन टोकांना मूळ अर्थ टिकला. मधल्या इराणात मात्र 'कैमे' हे मांसाचे लहान तुकडे व डाळ यांच्या कालवणाचे नाव झाले.

'पाव' या शब्दाची कथा मात्र आपल्या परिसराशी निगडित आहे. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांना दिली. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे याच साष्टी बेटावर वसली आहेत. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई जिंकेपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, येथे पोर्तुगीज अंमल होता. लॅटिन 'पानिस'पासून आलेला त्यांचा सानुनासिक 'पाँव' मराठीत 'पाव' झाला. मुंबईत तो रुळण्यात गोव्याहून आलेल्या बेकरीवाल्यांचाही वाटा आहे.

असे असता, पीठ पायाने तुडवतात म्हणून 'पाव', किंवा चौथा हिस्सा म्हणून 'पाव', या व्युत्पत्ती विद्यार्थीच नव्हे, आपले काही सहकारीही सांगतात. जपानी भाषेतही पावाला 'पान' म्हणतात व तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच गेला. तेथे ना मराठी 'पाय', ना आपला 'पावशेर'. या दोन्ही व्युत्पत्ती अग्राह्य ठरवण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

यांपैकी दुसरी व्युत्पत्ती निरुपद्रवी आहे. पहिली तशी नाही. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसई-साष्टीत अजून सांगितल्या जातात. पाव खाणे म्हणजे बाटणे, ही भावना ओसरली, तरी तिच्यातील किळस 'पायाने तुडवलेल्या' पिठात उरली असावी, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. तो कमीपणा आजही बेकरीत पहाटेपूर्वी भट्टी पेटवणाऱ्यांच्या वाट्याला येतो.